पृथ्वीला लावलेला बोल्ट

प्रयोगशाळेत मी एकटाच आहे याची खात्री केली, दार लोटलं आणि खिशातून दोन बोल्ट काढले. अंगठ्याएवढे, चांगले वजनदार. दुसऱ्या खिशात काळी टेप होती, वायरमन वापरतात ती. समोर भिंतीतल्या ब्रॅकेटवर काळ्या रंगाच्या दोन लोखंडी पट्ट्या टांगलेल्या. मी एक उतरवली, एका टोकाला मागच्या बाजूनं बोल्ट ठेवला आणि टेपचे घट्ट वेढे दिले. मग दुसरी पट्टी, दुसरा बोल्ट. काळ्यावर काळं. मागं सरकून पाहिलं, तर सहज लक्षात येण्यासारखं नव्हतं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

त्या क्षणी कुणी पाहिलं असतं तर चोर समजून आरडाओरडा केला असता. मी मात्र विद्यापीठाच्या रीतसर नेमणुकीवर तिथं होतो. एक्स्टर्नल एक्झामिनर म्हणून.

मी जळगावात एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल परीक्षा असली की दुसऱ्या कॉलेजचा एक मास्तर तपासायला बोलावतात, तो एक्स्टर्नल. त्याच कॉलेजातला एक असतो, तो इंटर्नल. इंटर्नल मुलांना ओळखतो म्हणून मार्क देतो, एक्स्टर्नल ओळखत नाही म्हणून देतो. मधल्या वेळात चहा, व्हायवा आणि शेवभाजीचं जेवण. अशी ही परीक्षा वर्षानुवर्षं सुखानं चाललेली आहे. त्या वर्षी मला साक्री तालुक्यातलं, पिंपळनेरच्या रस्त्यावरचं एक कॉलेज मिळालं होतं आणि मी ही परीक्षा सुधारायचं ठरवलं होतं.

आता त्या पट्टीबद्दल. तिला बार पेंड्युलम म्हणतात. मीटरभर लांब, अंगभर भोकं. एकेका भोकातून ती टांगायची, हलकेच झुलवायची आणि स्टॉपवॉच लावून एका झोक्याला किती वेळ लागतो ते लिहायचं. मग भोकाची जागा आणि झोक्याचा वेळ यांचा ग्राफ काढायचा. तो दोन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्यासारखा दिसतो. त्या वाट्यांना छेदणारी आडवी रेघ मारायची, रेघेवरून एक लांबी मोजायची, ती सूत्रात घालायची. उत्तर येतं 'जी'. म्हणजे हातातून सुटलेली वस्तू खाली पडताना किती झपाट्यानं वेग घेते, तो आकडा. पुस्तकात तो ९८० दिलेला असतो. एककं सोडून देऊ, ती मुलंही सोडूनच देतात.

दुखणं इथंच आहे. उत्तर आधीच माहीत असतं. मग मुलं काय करतात, तर खाली ९८० लिहितात आणि तिथून उलटं गणित करत वर चढतात. त्याला रीडिंग सेट करणं म्हणतात. खान्देशात विजेचं व्होल्टेज स्थिर नाही, एसटीची वेळ स्थिर नाही, केळीचा भाव तर सकाळचा संध्याकाळी राहत नाही. स्थिर एकच, आमच्या प्रयोगशाळांतला 'जी'. वरणगाव असो की दोंडाईचा, पट्टी वाकलेली असो की स्टॉपवॉच अडखळणारं, उत्तर ९८०. गंमत म्हणजे आपल्या भागात तो ९८० नाहीच. थोडा कमी आहे, ९७८ आणि वर काहीतरी. पण पृथ्वीपेक्षा आमचा पुस्तकावर विश्वास जास्त.

तर माझी योजना अशी. पट्टीच्या एका टोकाला बोल्ट लावला की वजन वाढणार. तोल सरकणार. झोक्याचा वेळ बदलणार. म्हणजे उत्तर चुकणार, नऊशेच्या आसपास कुठंतरी जाणार. तरीही कुणी ९८० आणून दाखवलं, तर समजायचं की गड्यानं पट्टीला हात न लावताच उत्तर आणलं. सापळा कसा बिनतोड! मला तो इतका बिनतोड वाटला, की कागदावर दोन ओळी मांडून पाहायची गरजही भासली नाही. स्टाफरूममध्येही कुणाला बोललो नाही. बोललो असतो तर वाचलो असतो.

दार ढकलून इंटर्नल बोरसे सर चहा घेऊन आले. मऊ स्वभावाचे गृहस्थ, खुर्चीला धक्का लागला तरी सॉरी म्हणणारे.

"सर, साहित्य बघितलं का? आमचे बार पेंड्युलम चांगले आहेत."

"बघितले," मी म्हणालो. "फारच चांगले आहेत."

परीक्षा सुरू झाली. प्रयोग चिठ्ठ्या काढून ठरतात. बार पेंड्युलमच्या दोन चिठ्ठ्या दोघांना आल्या. एक योगिता, पिंपळनेरजवळच्या खेड्यातून रोज एसटीनं येणारी. दुसरा हितेश, संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या, बुलेटवरून येणारा. पेंड्युलम असला की पंखे बंद ठेवावे लागतात, वाऱ्यानं पट्टी भलतीकडे झुलते. आणि महिना एप्रिलचा. दहाच मिनिटांत सगळ्यांचे शर्ट पाठीला चिकटले. बाकीची पोरं त्या दोघांकडे सासुरवाडीला मानपान कमी झाल्यासारखी बघत होती.

हितेशचं लवकर आटोपलं. मी पेपर पाहिला. 'जी' बरोबर ९८०.००. दशांश चिन्हापुढची दोन शून्यंसुद्धा त्यानं सोडली नव्हती. ग्राफ तर इतका देखणा, की पत्रिकेवर छापावा. दोन वाट्या, कागदाच्या बरोब्बर मधोमध.

पहिला मासा, मी मनात म्हणालो.

योगिता शेवटपर्यंत पट्टीशी झटत होती. घंटा झाल्यावर पेपर दिला. उत्तर ९७५. ग्राफ बघून मला हसू आलं. दोन्ही वाट्या कागदाच्या एका बाजूला सरकलेल्या. हिला नीट सेट करणंसुद्धा जमलेलं नव्हतं.

दुसरा मासा.

मी उभा राहिलो. दोन्ही पट्ट्या उतरवून टेबलावर ठेवल्या आणि सगळ्यांसमोर टेप सोलायला लागलो. आयुष्यात फार कमी वेळा माझं व्याख्यान पोरांनी इतक्या शांततेनं ऐकलं असेल. बोल्ट टेबलावर ठणकन पडला. लॅब असिस्टंट आबा पुढं झाले, बोल्ट उलटापालटा करून पाहिला आणि बोरसे सरांना म्हणाले, "सर, हाऊ बोल्ट आपला नही शे." त्यांना स्टॉकची काळजी.

"माझा आहे," मी म्हणालो. "सकाळी मीच लावला होता. या पट्टीनं ९८० येणं शक्य नाही. ९७५ पण नाही. दोघांनीही उत्तर पुस्तकातून आणलेलं आहे. हितेश?"

हितेश जागच्या जागी विरघळला. "सॉरी सर. सेट केलं."

"पट्टी झुलवली तरी का?"

"एकदा झुलवली सर. आमच्या सिनियरची रीडिंग पाठ होती."

इतक्या चटकन मिळालेल्या कबुलीनं माझ्या अंगात बळ आलं. मी योगिताकडे वळलो. "आणि तू?"

"मी नाही सेट केलं सर."

"मग ९७५ कसं आलं?"

"आलं सर."

"अगं येऊच शकत नाही! बोल्ट होता पट्टीला!"

"हो सर, दिसला होता."

"दिसला होता?"

"टेपखाली काहीतरी आहे हे कळत होतं ना सर. पट्टी मधल्या भोकावर टेकवली तर एका बाजूला कलत होती. मला वाटलं, आबांनी जोडली असेल. आमच्या लॅबमध्ये निम्मं सामान टेपवरच चालतं."

आबांनी मान डोलावली. खोटं ठरवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"आणि हा ग्राफ?" मी कागद वर धरला. "असा असतो का? एका अंगाला पडलाय! जरा हितेशचा बघ, चोरी करायची तर निदान अशी करावी."

पोरं हसली. मला ते हसू फार गोड लागलं. योगिताचा चेहरा मात्र लाल झाला.

"सर, जसा आला तसा काढला."

बोरसे सरांनी मला खिडकीपाशी नेलं. "सर, ती पोरगी तशी नाही हो. वर्गात एकटी तीच खरी रीडिंग घेते. म्हणून तर कायम उशीर होतो तिला."

"बोरसे सर, ९७५!"

"हो सर, पण..."

"मग मला सांगा, बोल्ट लावलेल्या पट्टीनं ९७५ कसं येईल?"

बोरसे सर विचारात पडले. एम.एस्सी. त्यांचंही झालेलं, माझंही. दोघांनीही हे सूत्र शेकडो पोरांना फळ्यावर काढून दाखवलेलं. पण एक्स्टर्नलपुढं विचार करायची पद्धत आमच्याकडे नाही. ते म्हणाले, "नाही येणार सर."

मी विद्यापीठाला पाठवायचा गैरप्रकाराचा अहवाल लिहायला घेतला. दोन नावं. हा अहवाल गेला की प्रॅक्टिकल रद्द. प्रॅक्टिकल रद्द की डिग्री अडकली. बोरसे सर हळूच म्हणाले, की योगितानं बी.एड.ची सीईटी दिली आहे, मार्क चांगले आहेत, पण डिग्री हातात नसेल तर सीट जाईल. आणि यंदा गेली तर घरचे पुढच्या वर्षी पुन्हा पाठवतील याचा भरवसा नाही.

"मला वाईट वाटतं," मी म्हणालो. खरंच वाटत होतं. तत्त्वनिष्ठ माणसाला वाटतं तसं, मनातून जरा सुखद.

जेवायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. बातमी माझ्याआधी तिथं पोचली होती. प्राचार्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हातानं तर्री वाढली.

"सर, तुमची कल्पना एकदम इनोव्हेटिव्ह. कॉलेजच्या वार्षिक अहवालात आपण बेस्ट प्रॅक्टिस म्हणून टाकू ती."

"धन्यवाद."

"फक्त हितेशचं जरा बघा. म्हणजे पोरगा गुणी आहे. लगेच कबूल केलं ना त्यानं? प्रामाणिकपणा म्हणून काही गोष्ट आहे की नाही?"

"आणि त्या मुलीचं?"

प्राचार्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "ती कबूल करत नाही म्हणतात. मग तिचं तुम्ही नियमानं करा. एकाचा रिपोर्ट पाठवला तरी मेसेज जातोच. तुमचंही काम झालं, आमचंही झालं."

इथं मला पहिल्यांदा शेवभाजी तिखट लागली. म्हणजे ज्यानं कबूल केलं तो सुटणार आणि जी नाही म्हणते तिची डिग्री अडकणार. मी म्हणालो, "पाठवीन तर दोघांचा पाठवीन." मला वाटलं, मी मोठा न्याय केला. सापळाच चुकीचा असेल हे तेव्हाही डोक्यात आलं नाही.

दारात योगिता उभी होती. मागं बोरसे सर, तिला आवरत असल्यासारखे.

"मे आय कम इन सर?" आणि उत्तराची वाट न बघता आत. "सर, तुम्ही रीडिंग घ्या."

"काय?"

"माझ्या पट्टीला बोल्ट लावा परत. होता तसा. तुम्ही स्वतः झुलवा, स्वतः लिहा. ९७५ च्या जवळपास नाही आलं, तर मी रिपोर्टवर सही करते. हाई बठ्ठं खरं शे सर," हे सगळं खरं आहे, हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून घरच्या बोलीतच निघालं, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिनं मान खाली घातली.

"अवश्य," मी म्हणालो आणि हात धुवायला उठलो. अशी संधी कोण सोडेल? सगळ्यांसमोर नऊशे आणून दाखवायचं, आणि विषय संपवायचा.

प्रयोगशाळेत पुन्हा पंखे बंद झाले. परीक्षा संपलेली पोरंही घरी गेली नव्हती, खिडक्यांना लोंबकळत होती. मी बोल्ट त्याच टोकाला बांधला. पट्टी टांगली, झुलवली, स्टॉपवॉच दाबलं. खरं सांगायचं तर हा प्रयोग मी स्वतःच्या हातानं शेवटचा कधी केला होता ते आठवत नव्हतं. मास्तर झाल्यावर आपण प्रयोग करत नाही, सही करतो. भोक बदलताना दोनदा पट्टी निसटली. एकदा झोके मोजता मोजता आकडाच विसरलो आणि मागून हितेश म्हणाला, "सतरा सर." घाम चष्म्यावर टपकत होता.

ग्राफ काढला. आडवी रेघ मारली. लांबी मोजली. सूत्रात घातली.

९७७.

मी कॅल्क्युलेटर पुन्हा चालवला. ९७७. आबांचा दुसरा कॅल्क्युलेटर मागवला, जणू माझा फितूर झाला होता. तोही ९७७ म्हणाला.

"काय आलं सर?" प्राचार्यांनी विचारलं.

"थांबा जरा. स्टॉपवॉच शंकास्पद आहे."

दुसरं स्टॉपवॉच आलं. निम्मी रीडिंग पुन्हा घेतली. ९७६.

मी योगिताला दटावून विचारलं, "बोल्ट असून असं का येतंय, सांग बरं?"

"मला नाही माहीत सर. आलं ते लिहिलं."

मग माझ्या डोक्यात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या तक्त्यात एका ओळीत झोक्याचा वेळ १.५४ होता. त्यातल्या ५चा ६ केला, की उत्तर धाडकन खाली येतं. पेनाचा एक वळसा. तेवढं केलं की माझा सापळा खरा, माझा अहवाल खरा, माझं तोंड उजळ. सकाळपासून मी ज्या कामासाठी पोरांना धरत होतो, तेच काम फक्त उलट्या दिशेनं करायचं होतं. ते बरोबर उत्तरासाठी रीडिंग सेट करतात, मी चुकीच्या उत्तरासाठी करणार होतो. पेनाचं टोक कागदावर टेकलंसुद्धा.

तेवढ्यात आबा कानाशी वाकले. वर्षानुवर्षं अडलेल्या पोरांना प्रेमानं विचारत आलेले, तसंच त्यांनी मला विचारलं, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"साहेब, कितलं आनानं शे?"

म्हणजे उत्तर किती आणायचं आहे. मदतीच्या भावनेनं. त्यांच्या हिशेबी मीही एक अडलेला विद्यार्थीच होतो.

मी पेन खाली ठेवलं.

"मी थिअरी दाखवतो," असं म्हणून फळ्याकडे गेलो. आता एकच मार्ग होता. बोल्टमुळं उत्तर चुकतं हे गणितानं सिद्ध करायचं. प्रयोग फसला तरी गणित फसत नाही. मी सूत्र लिहिलं. झोक्याचा वेळ. त्यात पट्टीचं वजन कसं पसरलंय हे दाखवणारं एक अक्षर येतं, के. बोल्ट लावला की हे के बदलतं. "हे बघा," मी के खाली दोन रेघा ओढल्या. बोरसे सर मान हलवत होते. मग आडवी रेघ वाटीला जिथं छेदते त्यातल्या एका बिंदूचं समीकरण मी लिहिलं, दुसऱ्या बिंदूचं लिहिलं, आणि एकातून दुसरं वजा केलं.

के उडून गेलं.

दोन ओळींत. फळ्यावर उरलं काय, तर ग्राफवरून मोजलेली लांबी, झोक्याचा वेळ आणि 'जी'. बोल्टचं नावनिशाण नाही. बोल्टमुळं झोक्याचा वेळ बदलतो, अगदी खरं. पण तेवढ्याच हिशेबानं ती लांबीही बदलते, आणि भागाकार तिथंच राहतो. राहणारच. 'जी' हा पट्टीचा गुण नाही, पृथ्वीचा आहे. तिला काय देणंघेणं, खाली कुणी काय टांगलंय आणि त्याला कुणी टेप लावलीय! पट्टीला बोल्ट बांधून मी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण बदलायला निघालो होतो. आणि ते बदललं नाही म्हणून एका मुलीला चोर ठरवलं होतं.

त्याहून वाईट एक गोष्ट मला फळ्यासमोर उभं असतानाच आठवली. एका बाजूला मुद्दाम जड केलेल्या अशाच दांड्यानं 'जी' मोजायचा एक जुना, नावाजलेला प्रयोग आहे. एम.एस्सी.ला तो मला परीक्षेत आला होता. त्यात मला चांगले मार्क पडले होते. उत्तर काय आलं होतं हे विचारू नका.

फळ्याकडे तोंड करून किती वेळ उभं राहता येतं याला मर्यादा असते. मी वळलो.

"योगिताचं उत्तर बरोबर आहे," मी म्हणालो. "माझं चुकलं. बोल्टनं काही फरक पडत नाही."

प्राचार्यांचा चेहरा एकदम खुलला. "म्हणजे सर, हितेशचंही बरोबर! ९८०! दोघंही पास!"

त्यांचा तो आनंद चालू असताना मी दोघांचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवले, आणि तिसरा ग्राफ माझा. मग मला दिसलं ते सकाळीच दिसायला हवं होतं. बोल्टमुळं पट्टीचा तोल एका बाजूला सरकला होता. म्हणून खऱ्या रीडिंगच्या दोन्ही वाट्या त्या बाजूला सरकणारच. योगिताच्या सरकलेल्या होत्या. माझ्याही तितक्याच सरकलेल्या. हितेशच्या कागदाच्या बरोब्बर मधोमध, कारण त्याच्या सिनियरच्या पट्टीला बोल्ट नव्हता.

म्हणजे सापळा उत्तम लागला होता. खोटं कोण बोलतंय हे तो सकाळपासून ओरडून सांगत होता. मी फक्त उत्तराकडे बघत बसलो, आणि सरकलेला ग्राफ दिसला तेव्हा पोरांना हसवलं.

मी हितेशला ग्राफ दाखवला. हुशार होता, लगेच समजला. "हो सर," म्हणाला, "सिनियरचा असाच होता."

मी अहवालाचा कागद उचलला. दोन नावांतलं एक खोडून एक ठेवायचं, एवढंच काम होतं. बोरसे सर घसा साफ करून म्हणाले, "सर, रिपोर्ट पाठवायचा तर उपकरणाला बोल्ट कुणी लावला तेही लिहावं लागेल. परवानगी कुणाची होती तेही विचारतील." त्या दिवसातलं त्यांचं हे सर्वांत कणखर वाक्य. मी अहवाल फाडला.

मग हितेशला म्हणालो, "पट्टी घे आणि प्रयोग कर. माझ्यासमोर. पूर्ण."

बिचारा करायला लागला. भोक हुकत होतं, झोके चुकत होते, स्टॉपवॉच उशिरा दाबलं जात होतं. योगिता त्याला एकदा म्हणाली, "अरे, जास्त जोरात नको झुलवू." शेवटी उत्तर आलं १०४३. त्यानं माझ्याकडे केविलवाणं पाहिलं.

"सर, सेट करू?"

"नको. राहू दे."

त्याला मी जेमतेम पास केलं. १०४३ साठी, कारण ते त्याचं स्वतःचं होतं. प्राचार्य खूश झाले, सेक्रेटरींनाही फोनवर चांगली बातमी गेली. योगिताला प्रयोगाचे भरपूर मार्क दिले आणि व्हायवाचेही. तिनं 'माहीत नाही' हे उत्तर दिलं होतं, आणि त्या विषयावर त्या दिवशी प्रयोगशाळेतलं ते सर्वांत बरोबर उत्तर होतं. आम्ही बाकीच्यांनी चुकीचं उत्तर ठामपणे दिलं होतं. मी तिला सॉरी म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या सर," आणि पिंपळनेरची एसटी चुकेल म्हणून पळाली. बी.एड.ला धुळ्यात तिला ॲडमिशन मिळाली, असं बोरसे सरांनी नंतर फोनवर सांगितलं.

मी जळगावला पोचायच्या आत गोष्ट पोचलेली होती. फिजिक्सवाल्यांचं जग लहान आहे आणि सगळे रिकामे आहेत. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये केमिस्ट्रीचे चौधरी सर उठून उभे राहिले आणि विचारलं, "काय सर, पृथ्वीला किती मार्क दिले? की ती पण सेट करत होती?" पुढचे कित्येक महिने कुणाच्या हातून खडू पडला, पेन पडलं, बिस्किट पडलं, की सगळे माझ्याकडे बघायचे. व्यवस्थित पडलं का, असं.

एवढ्या सगळ्यातून मी शिकलो ते थोडंच. परीक्षकानं ग्राफ आधी बघावा, उत्तर शेवटी. सापळा लावण्याआधी त्यात स्वतः एकदा पाय घालून बघावा. आणि जी मुलगी उशीर करते तिच्या अंगावर घंटा झाली म्हणून ओरडू नये, ती बहुधा पट्टी झुलवत असते.

आमच्या कॉलेजात मी आता पोरांना सांगितलंय, जे येईल ते लिहा, फक्त ९८०.०० आलं तर पुन्हा करायला लावीन. परवाच्या बॅचला ९४० आलं, १०१२ आलं, ९६९ आलं. एकाला ७०० आलं. त्याच्यासोबत बसून तो नेमकं काय करतो ते मला बघायचंय. पण तो खरं बोलतोय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.